विद्यापीठ बदलायचंय? आधी हे गैरसमज दूर करा

दुसऱ्या सत्राचे निकाल लागले की इस्लामपूर आणि वाळवा तालुक्यातल्या अनेक घरांत एकच विषय निघतो. पहिलं वर्ष इथे झालं, आता पुण्याला किंवा कोल्हापूरला जाता येईल का? काही घरांत प्रश्न उलटा असतो. पुण्यातलं खोलीभाडं आणि मेसचा खर्च झेपत नाही, तर मुलाला गावाजवळच्या कॉलेजात आणता येईल का? कुणाला पहिल्या वर्षी हवी ती शाखा मिळालेली नसते, कुणाच्या वडिलांची बदली होते, तर कुणाचं लग्न ठरून सासर दुसऱ्या जिल्ह्यात असतं. कारणं खरी असतात, पण माहिती बहुतेक ऐकीव असते. त्या ऐकीव माहितीवर विसंबून चांगली चालू असलेली जागा सोडून बसलेली मुलं दर वर्षी दिसतात. म्हणून नेहमी कानावर पडणारे गैरसमज आणि त्यामागची वस्तुस्थिती इथे मांडत आहे.

गैरसमज १ : कॉलेज बदललं की मायग्रेशन लागतंच.

वस्तुस्थिती : कॉलेज बदलणं आणि विद्यापीठ बदलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ 1962 साली स्थापन झालं आणि कोल्हापूर, सांगली, सातारा हे तीन जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात येतात. इस्लामपूरच्या संलग्न कॉलेजातून कराडच्या किंवा सांगलीच्या संलग्न कॉलेजात गेलात, तर विद्यापीठ तेच राहतं आणि पीआरएन, म्हणजे कायम नोंदणी क्रमांकही तोच राहतो. अशा वेळी जुन्या कॉलेजची एनओसी (ना हरकत पत्र), गुणपत्रिका आणि शेवटी टीसी (कॉलेज सोडल्याचा दाखला) यावर काम होतं. मायग्रेशनची, म्हणजे स्थलांतर प्रमाणपत्राची गरज विद्यापीठ बदलतानाच पडते.

पण शेजारच्या गावातलं कॉलेज आपल्याच विद्यापीठाचं असेल, असं गृहीत धरू नका. आपल्या भागातली काही अभियांत्रिकी महाविद्यालयं रायगड जिल्ह्यातल्या लोणेरे इथल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाशी संलग्न आहेत. कराडचं कृष्णा विश्व विद्यापीठ आणि पुण्याचं भारती विद्यापीठ ही अभिमत विद्यापीठं आहेत. नावांचाही घोळ होतो. रयत शिक्षण संस्थेचं इस्लामपुरातलं कर्मवीर भाऊराव पाटील महाविद्यालय शिवाजी विद्यापीठाशी संलग्न आहे. साताऱ्याचं कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ मात्र स्वतंत्र समूह विद्यापीठ आहे. यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स, छत्रपती शिवाजी कॉलेज आणि धनंजयराव गाडगीळ कॉलेज ऑफ कॉमर्स ही साताऱ्यातली नावाजलेली कॉलेजं त्यात आहेत. संस्था एकच असली तरी विद्यापीठ वेगळं असू शकतं.

गैरसमज २ : स्वायत्त कॉलेज म्हणजे वेगळं विद्यापीठ.

वस्तुस्थिती : स्वायत्त कॉलेज आपला अभ्यासक्रम ठरवतं, परीक्षा घेतं आणि निकाल लावतं. पदवी मात्र ज्या विद्यापीठाशी ते संलग्न आहे, ते विद्यापीठ देतं. राजारामनगरची राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी हे आपल्या डोळ्यांसमोरचं उदाहरण. अडचण वेगळीच आहे. स्वायत्त कॉलेजांचे अभ्यासक्रम एकमेकांशी जुळतातच असं नाही. त्यामुळे एकाच विद्यापीठाच्या दोन कॉलेजांतही पेपरांची समकक्षता तपासावी लागते.

गैरसमज ३ : मार्क चांगले असले की दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतोच.

वस्तुस्थिती : बदलीचा प्रवेश रिकाम्या जागेवर अवलंबून असतो. ज्या कॉलेजात जायचं आहे तिथे, त्याच शाखेत, त्याच वर्षाला जागा रिकामी हवी. जागा नसेल तर नव्वद टक्केवाल्यालाही प्रवेश मिळत नाही. जागा एक आणि अर्ज पाच आले, तर मार्क उपयोगी पडतात. अभियांत्रिकीत आणखी एक बाब आहे. डिप्लोमा झालेले विद्यार्थी सीईटी सेलच्या फेऱ्यांतून थेट दुसऱ्या वर्षाला येतात आणि पहिल्या वर्षी रिकाम्या राहिलेल्या जागाही त्या फेऱ्यांत भरल्या जातात. मागणी असलेल्या शाखेत बदलीसाठी फारसं काही उरत नाही, ते यामुळेच. पहिल्या वर्षाचे विषय राहिले असतील तर बहुतेक ठिकाणी अर्जच मागे पडतो. त्यामुळे एटीकेटी असलेल्यांनी आधी विषय सोडवण्याकडे लक्ष द्यावं.

गैरसमज ४ : एबीसी आयडी आहे, म्हणजे क्रेडिट आपोआप नव्या विद्यापीठात जातात.

वस्तुस्थिती : अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स, म्हणजे एबीसी, 2021 साली सुरू झाली. महाराष्ट्रातल्या संलग्न महाविद्यालयांत 2024-25 पासून नवं शैक्षणिक धोरण लागू झाल्यावर हे नाव घरोघरी पोचलं. या बँकेत क्रेडिट जमा करण्याचं काम संस्थेचं आहे. विद्यार्थ्याने स्वतः गुणपत्रिका अपलोड करून काही होत नाही. म्हणून पहिलं काम हे की, मोबाईलवर खातं उघडून आपल्या दोन्ही सत्रांचे क्रेडिट दिसतात का ते पाहा. दिसत नसतील तर जुन्या कॉलेजच्या परीक्षा विभागात लेखी अर्ज द्या.

जमा झालेले क्रेडिट स्वीकारायचे की नाही, हे नवं विद्यापीठ ठरवतं. समजा, इथे बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी तुम्ही 44 क्रेडिट मिळवले, सत्राला 22 प्रमाणे. दोन्हीकडची क्रेडिटची बेरीज सारखीच आहे, पण इथे सेंद्रिय रसायनाचा पेपर पहिल्या सत्रात झाला आणि तिथे तो तिसऱ्या सत्रात आहे. तिथे पहिल्या वर्षी झालेला एखादा पेपर तुम्ही शिकलेलाच नाही. मग आधी झालेला भाग पुन्हा समोर येतो आणि राहिलेला पेपर जादा द्यावा लागतो. बेरीज जुळली तरी पेपर जुळलेले नसतात. यासाठी अर्जासोबत नुसती गुणपत्रिका देऊन भागत नाही. प्रत्येक पेपरचा अभ्यासक्रम जुन्या कॉलेजकडून शिक्का-सहीसह घेऊन जोडावा लागतो.

आणखी एक नियम फार थोड्यांना माहीत असतो. एबीसीच्या नियमांप्रमाणे जे विद्यापीठ पदवी देणार, तिथे निम्मे तरी क्रेडिट मिळवावे लागतात. तीन वर्षांची पदवी 132 क्रेडिटची धरली तर निम्मे होतात 66. दोन वर्षं इथे काढली तर 88 क्रेडिट संपलेले असतात आणि उरतात 44. म्हणजे तीन वर्षांच्या पदवीत तिसऱ्या वर्षी विद्यापीठ बदलणं या हिशेबात बसत नाही. बदलायचंच असेल तर पहिल्या वर्षानंतर बदला. क्रेडिट सांभाळून ठेवण्याचीही मुदत आहे, ती जास्तीत जास्त सात वर्षं.

गैरसमज ५ : आधी टीसी आणि मायग्रेशन काढून ठेवावं, म्हणजे धावपळ होत नाही.

वस्तुस्थिती : सगळ्यात जास्त नुकसान या समजामुळे होतं. टीसी घेतली की जुन्या कॉलेजच्या पटावरून नाव कमी होतं. मायग्रेशन घेतलं की त्या विद्यापीठाचे विद्यार्थी म्हणून तुमचा संबंध संपतो. नव्या ठिकाणी नकार आला तर तुम्ही कुठलेच राहत नाही आणि परत यायचं तर सगळी प्रक्रिया पुन्हा करावी लागते.

क्रम असा ठेवा. आधी नव्या कॉलेजात जागा आहे का, ते लेखी विचारा. मग पेपरांची समकक्षता तपासून घ्या. त्यानंतर दोन्ही कॉलेजांची एनओसी घ्या. नवं कॉलेज प्रवेश देतो असं लेखी कळवेल, तेव्हाच टीसी काढा आणि विद्यापीठ बदलत असेल तर मायग्रेशनचा अर्ज करा. टीसी हातात पडली की लगेच तिच्या चार-पाच साक्षांकित प्रती करून ठेवा. मूळ प्रत नव्या कॉलेजात जमा होते.

गैरसमज ६ : फी भरली, आयकार्ड मिळालं, म्हणजे प्रवेश पक्का.

वस्तुस्थिती : दुसऱ्या विद्यापीठातून आलेल्या विद्यार्थ्याचा प्रवेश सुरुवातीला तात्पुरता असतो. नव्या विद्यापीठाचा पात्रता विभाग कागद तपासून एलिजिबिलिटी देतो, तेव्हा तो पक्का होतो. एखादा कागद कमी पडला तर परीक्षेचा अर्ज अडतो किंवा निकाल राखून ठेवला जातो. विद्यार्थी वर्गात बसतो, प्रॅक्टिकल करतो आणि दिवाळीच्या सुमारास त्याला कळतं की आपली एलिजिबिलिटी अजून बाकी आहे. प्रवेश झाल्यावर महिनाभराने कॉलेजच्या कार्यालयात जाऊन आपला प्रस्ताव विद्यापीठाकडे गेला का, हे नक्की विचारा आणि जावक क्रमांक लिहून घ्या.

गैरसमज ७ : ओळख काढली की निर्णय लवकर होतो.

वस्तुस्थिती : उशीर का होतो, हे समजलं तर जीव टांगणीला लागत नाही. पहिल्या वर्षाचा निकाल, मग पुनर्मूल्यांकन, मग प्रवेश रद्द करणाऱ्यांचे अर्ज, एवढं झाल्याशिवाय किती जागा रिकाम्या आहेत हे कॉलेजलाही सांगता येत नाही. त्यानंतर समकक्षतेची तपासणी होते. यातला कोणताही टप्पा कुणाच्या फोनने किंवा चिठ्ठीने गाळता येत नाही. गाळला तर तो पुढे पात्रता विभागात उघडा पडतो. पैसे घेऊन ‘सीट पक्की करून देतो’ म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. कॉलेजची अधिकृत पावती नसलेला एक रुपयाही देऊ नका.

वाट पाहताना जुन्या कॉलेजात हजर राहा. तिथल्या पुढच्या सत्रात नाव नोंदवा आणि परीक्षेचा अर्ज भरा. बदली होणारच म्हणून महिनाभर घरी बसलात आणि नकार आला, तर हजेरी कमी भरते आणि चालू सत्रही हातचं जातं.

गैरसमज ८ : प्रवेश सोडला की फी बुडते आणि मूळ कागद अडकतात.

वस्तुस्थिती : यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, 2018 च्या अधिसूचनेनुसार कोणत्याही संस्थेला विद्यार्थ्याची मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवता येत नाहीत. फी परताव्याचे टप्पेही त्यात ठरवून दिले आहेत. प्रवेशाच्या शेवटच्या तारखेपासून जसजसे दिवस जातात तसा परतावा कमी होतो आणि तीस दिवसांनंतर काहीच मिळत नाही. 2024-25 साठी यूजीसीने 30 सप्टेंबरपर्यंत पूर्ण फी परत करायला सांगितलं होतं. त्यामुळे प्रवेश रद्द करण्याचा अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. परतावा त्या तारखेवरूनच मोजला जातो.

मुलींच्या पालकांनी आणखी एक गोष्ट तपासावी. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शंभर टक्के फी सवलत मिळाली. मॅनेजमेंट कोटा आणि संस्थास्तरावरचे प्रवेश यातून वगळले आहेत. नवी जागा कोणत्या प्रकारची आहे, हे फी भरण्यापूर्वी लेखी विचारा.

गैरसमज ९ : परदेशात मेडिकलला असलेल्यांनाही इथे बदली मिळते.

वस्तुस्थिती : 2022 मध्ये युद्धामुळे युक्रेनहून परतलेल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांनी हीच मागणी केली होती. कायद्यात तशी तरतूद नाही, असं केंद्र सरकारने सप्टेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितलं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने त्यांना दुसऱ्या देशांतल्या विद्यापीठांत जाण्याची परवानगी दिली, भारतातल्या कॉलेजांत नाही. परत येऊन इथे बदली घेऊ, या भरवशावर कर्ज काढून मुलांना परदेशी पाठवू नका.

गैरसमज १० : बदली मिळाली नाही, म्हणजे संधी गेली.

वस्तुस्थिती : हवा असलेला विषय जुन्या कॉलेजात नसेल तर स्वयम् पोर्टलवरचे अभ्यासक्रम आहेत. एका सत्रातले चाळीस टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम तिथून करून क्रेडिट मिळवण्याची मुभा यूजीसीने विद्यापीठांना दिली आहे. एप्रिल 2022 पासून एकाच वेळी दोन पदव्या करता येतात. त्यामुळे इस्लामपुरात राहून नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून दुसरी पदवी घेणं शक्य आहे. आणि पदवीनंतर एम.एस्सी. किंवा एम.ए.साठी पुणे, मुंबई, हैदराबाद ही दारं प्रवेश परीक्षेने उघडतात. तिथे बदलीचा प्रश्नच येत नाही.

पालकांना आणि विद्यार्थ्यांना एवढंच सांगणं आहे. प्रत्येक उत्तर लेखी घ्या, प्रत्येक अर्जाची पोच घ्या, वाट पाहताना वर्ग सोडू नका, आणि नव्या कॉलेजचं पत्र हातात आल्याशिवाय टीसीच्या अर्जावर सही करू नका.