अ‍ॅप बनवणारा कारागीर परगावी : पारख कशी करावी?

कापडाच्या धंद्यात आमची तीस वर्षे गेली. ताका समोर आला की आम्ही तो उघडतो, कडेचा धागा ओढून जाळून पाहतो, काच लावून रीड-पीक मोजतो आणि मगच भावाचे बोलतो. ही सवय वडिलांनी लावली. मात्र २०२१ साली मोबाईलचे अ‍ॅप बनवून घेताना हीच सवय आम्ही विसरलो आणि पावणेदोन लाख रुपये व दोन वर्षांची मेहनत घालवून बसलो. ही चूक इतर व्यापारी व कारागीर बंधूंकडून होऊ नये, एवढ्यासाठी हा लेख.

झाले असे, की लॉकडाऊनमध्ये बाहेरगावचे दुकानदार पेढीवर येईनात. पुतण्या म्हणाला, "चाचा, अ‍ॅप करू या. पार्टी घरबसल्या माल बघेल, ऑर्डर देईल, बाकीही बघेल." एका ओळखीच्या दलालाने दुसऱ्या राज्यातील एका मुलाचा नंबर दिला. त्याने पाच अ‍ॅप्सच्या लिंक पाठवल्या. आम्ही त्या पाहून खूश झालो आणि फोनवरच सौदा करून साठ टक्के रक्कम आगाऊ पाठवली. चार महिन्यांनी अ‍ॅप आले व चाललेही. ऐंशीच्या आसपास दुकानदार त्यावर ऑर्डर देऊ लागले.

२०२३ मध्ये त्याने देखभालीची रक्कम एकदम तिप्पट मागितली. आम्ही नकार दिला. आठवड्याभरात अ‍ॅप प्ले स्टोअरवरून गायब झाले. तेव्हा कळले, की प्ले स्टोअरचे खाते त्याचे, कोड त्याच्याकडे, सर्व्हरही त्याच्याच नावाचा. दुकानदारांची नावे, नंबर आणि उधारीचा सारा हिशेब त्या सर्व्हरवर होता. आमच्या मुनीमजींनी लाल वही लिहिणे बंद केले नव्हते म्हणून वसुली तरी वाचली. तो बेइमान होता की आम्ही बेखबर, याचा निवाडा करणार तरी कोण? कागदावर एक ओळही नव्हती.

आधी गरज तपासा

फक्त डिझाइन व भाव दाखवायचे असतील तर अ‍ॅपची गरजच नाही. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस २०१८ पासून फुकट मिळते. त्यात मालाचे फोटो, वर्णन व किंमत यांचा कॅटलॉग लावता येतो. जरीवाला, चप्पल कारागीर, अत्तरवाला यांचे काम बहुधा त्यावरच भागते. पार्टीप्रमाणे वेगळा भाव, शिल्लक माल, बाकी रक्कम आणि वारंवार येणारी ऑर्डर हे सारे एका जागी हवे असेल तेव्हाच अ‍ॅपचा खर्च सोसतो.

गरज पक्की असेल तर डेव्हलपर शोधण्यापूर्वी एका कागदावर लिहून काढा : अ‍ॅप कोण वापरणार, किती जण, कोणत्या फोनवर, कोणत्या भाषेत आणि पडद्यावर काय काय दिसणार. आमच्या पार्ट्यांचे फोन जवळजवळ सारे अँड्रॉइडचे. म्हणून आयफोनचा खर्च आम्ही पहिल्या खेपेस टाळला. दोन्ही हवे असतील तर फ्लटर किंवा रिअ‍ॅक्ट नेटिव्ह या पद्धतीत एकाच कोडवर दोन्हीकडचे अ‍ॅप उभे राहते. उमेदवार कोणत्या पद्धतीचा जाणकार आहे, हे पहिल्याच बोलण्यात विचारावे.

पारख कशी करावी

पहिली गोष्ट, जुने काम. नुसत्या लिंकवर भुलू नये. ते अ‍ॅप स्वतःच्या फोनमध्ये उतरवावे, शेवटची दुरुस्ती कोणत्या तारखेची आहे ते पाहावे आणि उमेदवाराला विचारावे, "यातला तू काय बनवलास?" मोठ्या कामात दहा जणांचे हात असतात. एक बटण लावणाराही सारे काम आपलेच म्हणून दाखवतो. ज्याच्यासाठी अ‍ॅप बनले त्या मालकाला स्वतः फोन करावा. आम्ही २०२१ मध्ये त्या पाचपैकी एकालाही फोन केला नव्हता. नंतर केला तेव्हा तिघांनी या मुलाचे नावही ऐकले नव्हते.

दुसरी गोष्ट, माणूस खरा आहे का? व्हिडिओवर किमान दोनदा भेट घ्यावी. ओळखपत्रावरचे, बँक खात्यावरचे व करारावरचे नाव एकच असावे. एकजण मुलाखत देतो व दुसराच काम करतो, असे प्रकार सर्रास घडतात. २०२२ च्या मे महिन्यात तर अमेरिकन सरकारने जाहीर इशारा दिला होता, की उत्तर कोरियाचे संगणक कामगार खोट्या ओळखी घेऊन परदेशी कंपन्यांत दुरून काम मिळवत आहेत. एवढ्या मोठ्या कंपन्या फसतात, तिथे आपल्यासारख्या पेढीवाल्याने गाफील राहून कसे चालेल?

तिसरी व सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे नमुना. दोन-तीन दिवसांचे एक छोटे काम द्यावे आणि त्याचे पैसे द्यावेत. फुकट नमुना मागणे योग्य नाही. आम्ही दुसऱ्या खेपेस असे काम दिले : दहा मालांची यादी, त्यातून ऑर्डर लिहिण्याची सोय, आणि गोदामात नेटवर्क नसले तरी ऑर्डर फोनमध्ये राहून नेटवर्क आल्यावर आपोआप पोहोचली पाहिजे. नावे व भाव सारे खोटे दिले. खऱ्या पार्ट्यांची यादी नमुन्यासाठी कोणालाही देऊ नये.

नमुना हाती आल्यावर व्हिडिओवर त्याला आपला पडदा दाखवायला सांगावे आणि तिथल्या तिथे एक बदल करून घ्यावा. आम्ही म्हटले, "ताक्याऐवजी मीटरने ऑर्डर घ्यायची आहे, करून दाखव." हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने मिनिटात कोड लिहून देतात. त्याला आमची हरकत नाही. यंत्रमागावर विणले म्हणून कापड खोटे ठरत नाही. पण धागा तुटला तर कुठे तुटला, हे विणणाऱ्याला कळले पाहिजे. ज्याला स्वतःच दिलेल्या कामात बदल करता येत नाही, त्याच्या हाती पेढी देऊ नये.

आपल्याला कोड वाचता येत नाही, ही अडचण खरीच. त्यावर उपाय असा, की ज्याचा या कामात फायदा-तोटा नाही अशा एखाद्या जाणकाराला दोन तासांचे पैसे देऊन नमुना दाखवावा. सोने घेताना आपण सराफाकडे कस लावतोच ना?

चौथी गोष्ट, उमेदवार प्रश्न विचारतो का? जो प्रत्येक गोष्टीला "हो जायेगा शेठ" म्हणतो त्याच्यापासून सावध राहावे. आम्ही पुढे ज्या मुलाला काम दिले, त्याने पहिल्याच भेटीत विचारले, "माल परत आला तर बाकी कशी बदलायची? एकच ताका दोघांनी एका वेळी मागितला तर कोणाला द्यायचा?" आमच्या मुनीमजींनी तिथेच मान डोलावली.

कुलूप आपले असावे

गाळा भाड्याचा असला तरी कुलूप आपले असते. अ‍ॅपमध्ये अशी पाच कुलपे आहेत.

एक, प्ले स्टोअरचे खाते. ते पेढीच्या ईमेलवर, आपल्या नावाने काढावे. गूगलची फी एकदाच २५ डॉलर आहे. अ‍ॅपलची मात्र दरवर्षी ९९ डॉलर. आपल्या खात्यात डेव्हलपरला कामापुरता प्रवेश देता येतो व काम संपल्यावर काढूनही घेता येतो. व्यक्तीच्या नावाने नवे खाते काढले तर अ‍ॅप सर्वांसाठी खुले करण्याआधी किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. संस्थेच्या नावाने खाते काढताना ही अट नाही, पण त्यासाठी डी-यू-एन-एस क्रमांक लागतो. अ‍ॅप एका खात्यातून दुसऱ्या खात्यात नेता येते, परंतु त्याला मूळ खातेदाराची तयारी लागते. तो नाही म्हणाला तर नवे अ‍ॅप टाकून प्रत्येक गिऱ्हाइकाला ते पुन्हा उतरवायला सांगावे लागते. आमचे नेमके हेच झाले.

दोन, कोड. गिटहब किंवा गिटलॅब येथे आपल्या नावाचे खाते काढून कोड रोज तिथे जमा होईल, अशी अट घालावी. शेवटी एकदम देतो म्हणणाऱ्याचे ऐकू नये. तीन, सही करण्याची चावी. प्रत्येक अ‍ॅपवर एक गुप्त डिजिटल सही असते. प्ले अ‍ॅप सायनिंग ही सोय घेतली तर मुख्य चावी गूगलकडे राहते व डेव्हलपरकडची चावी हरवली तरी खातेदाराला नवी मागता येते. चार, सर्व्हर व डोमेन. बिल आपल्या कार्डावर असावे. पाच, ओटीपीचे एसएमएस व पैसे घेण्याचे गेटवे. आपल्याकडे धंद्याच्या एसएमएससाठी डीएलटी नोंदणी लागते. ती पेढीच्या नावावर करावी.

लिखापढी

आम्ही समजत होतो, पैसे दिले म्हणजे माल आपला. कापडाचे तसे आहे, कोडचे नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाचा कोडही येतो. पगारी नोकराने नोकरीत लिहिलेल्या कामाचा हक्क, वेगळे ठरले नसेल तर, मालकाचा असतो. परंतु बाहेरून ठेक्याने काम करणाऱ्याचा हक्क साधारणपणे त्याच्याकडेच राहतो. तो आपल्याकडे येण्यासाठी लेखी व सही केलेले हस्तांतरण लागते. त्यात मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षेच धरतो आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. म्हणून कोणते काम, किती मुदत, कोणता प्रदेश हे सारे स्पष्ट लिहावे. वकिलाची फी इथे वाचवू नये.

रक्कम टप्प्यांत द्यावी. आम्ही पाच टप्पे केले. आगाऊ वीस टक्के, आणि शेवटचे वीस टक्के सारे कोड व चाव्या हाती आल्यावर. अपवर्कसारख्या ठिकाणी ठरलेल्या रकमेच्या कामात टप्प्याचे पैसे आधी मध्ये जमा राहतात व काम मंजूर झाल्यावर कारागिराला मिळतात. अनोळखी माणसाबरोबर पहिला सौदा करताना ही सोय बरी. डेव्हलपर जीएसटीत नोंदलेला असेल तर बिलात १८ टक्के येतील. टीडीएसचे आपल्या हिशेबनिसाला विचारावे.

पार्ट्यांची माहिती ही आपल्याकडे ठेवलेली अमानत आहे. व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदाही २०२३ मध्ये झाला आणि त्यात जबाबदारी माहिती गोळा करणाऱ्या पेढीवर ठेवली आहे. डेव्हलपरकडे बोट दाखवून सुटका नाही.

दाम वेळेवर द्या

एक गोष्ट आपल्याच लोकांना सांगणे भाग आहे. कारागिराचे पैसे महिनोन्‌महिने अडकवणे ही आपल्या बाजारातील जुनी खोड. डेव्हलपरही कारागीरच आहे. टप्पा मंजूर झाला की त्याच आठवड्यात पैसे द्यावेत. ठरल्याबाहेरचे काम सांगितले तर त्याचे वेगळे दाम लावावेत. गूगलच्या नियमांप्रमाणे अ‍ॅपला नव्या अँड्रॉइडनुसार वेळोवेळी सुधारावे लागते. म्हणून वर्षाच्या देखभालीची रक्कम पहिल्याच करारात लिहावी. आमच्या जुन्या मुलाने तिप्पट मागितले हे खरे. पण आधी जे देत होतो ते फारच थोडे होते, हे आज आम्हीही कबूल करतो.

दुसरे अ‍ॅप २०२४ मध्ये झाले. बनवणारा मुलगा विदर्भातील एका लहान गावी राहतो. आमची त्याची समोरासमोर भेट अजून झालेली नाही. पण कोड आमच्या खात्यात आहे, करार कपाटात आहे आणि त्याचे पैसे वेळेवर जातात. जुन्या ऐंशी दुकानदारांपैकी साठ-पासष्ट परत आले, बाकीचे दुसऱ्या पेढीकडे गेले. मुनीमजी आजही रोज संध्याकाळी लाल वही लिहितात. आम्ही त्यांना थांबवत नाही.