कात्रजचे घर : आधी निचरा, मग रंग
— ऊस विकास अधिकारी



मध्यंतरी ऊसनोंदीचे काम चालू असताना एक सभासद कार्यालयात आले. नोंद झाली, चहा झाला, तरी उठेनात. शेवटी म्हणाले, "साहेब, उसाचं न्हाई, घराचं इचारायचंय. पोराला कात्रजला फ्लॅट घ्यायचाय. ओढ्याकडंचं वीस गुंठं काढू का?"

असे विचारणारे ते एकटे नाहीत. सातारा रस्त्याने जाणाऱ्या आपल्या माणसाला घाट उतरला की पहिले पुणे भेटते ते कात्रजचे. मुलांचे कॉलेज, नोकरी, दवाखाना, मार्केट यार्ड, सगळे तिथून सोयीचे. गावाकडची एस.टी.ही हाताशी. म्हणून उसाच्या बिलातून उरलेला पैसा बऱ्याच घरांतून कात्रजकडे वळतो. माझा विषय ऊस खरा, पण कात्रजच्या घरात मी स्वतः ठेच खाल्ली आहे. तेव्हा चार शब्द सांगण्याचा हक्क आहे असे समजतो.

माझी ठेच

मुलांच्या शिक्षणासाठी 2013 साली मी कात्रजला जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावरचा फ्लॅट घेतला. भाव पटला, हवा चांगली, खिडकीतून डोंगर दिसे. ताबा मिळताच सव्वा लाख रुपये घातले : छताला पीओपी, भिंतींना महागडा रंग, ओट्याला ग्रॅनाइट. जुलैत पाऊस लागला आणि पंधरा दिवसांत पीओपीवर पिवळे डाग उमटले. गच्चीचा कोबा तडकलेला, पाणी जायचे भोक मातीने बुजलेले. शेवटी पीओपी काढले, कोबा फोडला, खर्च दुप्पट झाला. सौभाग्यवती एवढेच म्हणाल्या, "लोकांच्या रानात निचरा बघत हिंडता, आणि स्वतःच्या घरात रंग बघितलात!"

उत्तर नव्हते. लागणीआधी माती परीक्षण करा, पाणथळ रानात चर काढा, असे मी सभासदांना वर्षानुवर्षे सांगतो. घरालाही तोच नियम लागू आहे.

पाणी कुठून येते, कुठे जाते

कात्रज ही डोंगराच्या पायथ्याची जागा. येथल्या आंबील ओढ्याचे पाणी अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांनी तलाव बांधून अडवले आणि बंदिस्त नळाने पुणे शहरात नेले. म्हणजे पाणी या बाजूने शहराकडे उतरते हे आपल्या पूर्वजांना पक्के ठाऊक होते. आपण विसरलो. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री याच ओढ्याला पूर आला. पद्मावती, सहकारनगरपासून खालच्या वस्त्यांत पाणी घुसले, सीमाभिंती पडल्या, गाड्या वाहून गेल्या आणि अनेकांचे प्राण गेले.

म्हणून जागा पहायला जायचे तर भर पावसात जा. ओढा, नाला, जुनी ओघळ कुठे आहे ते शेजारच्या जुन्या माणसाला विचारा. तळमजल्याच्या भिंतीवर पाण्याची रेघ आहे का पहा. टेकडीच्या अंगाला घर असेल तर मागच्या भिंतीला पाणी निघायला भोके ठेवली आहेत का, तेही बघा. आणि एक ध्यानात असू द्या : 1:5 पेक्षा जास्त चढ असलेल्या डोंगरउतारावर बांधकामाला सहसा परवानगीच मिळत नाही. "सगळे बांधतात" हा कागद नव्हे.

कागद म्हणजे घराचा सातबारा

कात्रजच्या लगतची आंबेगाव खुर्द व आंबेगाव बुद्रुक ही गावे 2017 साली महापालिकेत आली. मांगडेवाडी, भिलारेवाडी, जांभुळवाडी, गुजर-निंबाळकरवाडी 2021 साली आली. गाव महापालिकेत आले म्हणजे तिथले प्रत्येक बांधकाम कायदेशीर झाले, असा समज करून घेऊ नये. या पट्ट्यात गुंठा-दोन गुंठ्यांचे सौदे फार झाले. गुंठा म्हणजे 33 फूट गुणिले 33 फूट, 1,089 चौरस फूट. 1947 चा तुकडेबंदीचा कायदा, 2001 चा गुंठेवारीचा कायदा आणि त्यात पुढे झालेले बदल, यांत आपला तुकडा बसतो की नाही हे वकिलाकडून लेखी घ्यावे. केवळ नोटरी केलेल्या कागदावर एक रुपयाही देऊ नये.

नवीन फ्लॅट असेल तर महारेरा नोंदणी क्रमांक पहा. करारनामा नोंदविण्याआधी बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. भाव कार्पेट क्षेत्रावर विचारा, जिना आणि लिफ्ट धरून सांगितलेल्या फुटांवर नको. ताबा मिळाल्यापासून 5 वर्षांत बांधकामात दोष निघाला तर तो बिल्डरने आपल्या खर्चाने दुरुस्त करून द्यायचा असतो.

जुना फ्लॅट म्हणजे खोडवा. बुडखे जिवंत असतील तर स्वस्तात चांगला साधतो, नसतील तर नांग्या भरता भरता माणूस मेटाकुटीला येतो. जुन्या फ्लॅटचे बुडखे म्हणजे त्याची सोसायटी. तीही आपल्या कारखान्यासारखी सहकारी संस्थाच. आपण अहवाल वाचणारी माणसे आहोत, तेव्हा सोसायटीचा ताळेबंद आणि सभेचे इतिवृत्त मागून वाचा. आदर्श उपविधींप्रमाणे बांधकाम खर्चाच्या किमान पाऊण टक्का दरवर्षी दुरुस्ती निधीसाठी आणि किमान पाव टक्का सिंकिंग फंडासाठी जमा व्हायला हवा. इमारत 15 ते 30 वर्षांची असेल तर दर 5 वर्षांनी आणि त्याहून जुनी असेल तर दर 3 वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट हवे. जमीन सोसायटीच्या नावावर झाली आहे का, हेही विचारा. बिल्डर करून देत नसेल तर सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज करता येतो.

भाव आणि हप्ता

स्वारगेट ते कात्रज भुयारी मेट्रोला केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट 2024 मध्ये मान्यता दिली. तेव्हापासून "मेट्रो येणार" हे वाक्य प्रत्येक सौद्यात ऐकू येते. मेट्रो चांगलीच, पण उद्याच्या गाडीचे भाडे आज किमतीत किती मोजायचे ते आपण ठरवावे. एजंट सांगेल तो भाव बाजूला ठेवा. त्याच इमारतीतले अलीकडचे व्यवहार सूची-2 वर पहा, सरकारी बाजारमूल्य दर पहा आणि मग बोला.

किमतीवर मुद्रांक शुल्क वेगळे. पुण्यात एकूण 7 टक्के, घर फक्त स्त्रीच्या नावे घेतल्यास 1 टक्का सवलत. नोंदणी फी जास्तीत जास्त 30,000 रुपये. म्हणजे 50 लाखांच्या घराला पुरुषाच्या नावे 3 लाख 80 हजार वरखर्च होतो, स्त्रीच्या नावे 3 लाख 30 हजार. पन्नास हजार वाचतात, घरच्या लक्ष्मीचा मानही राहतो.

आता मुख्य गोष्ट. 30 लाखांचे कर्ज, साडेआठ टक्के व्याज, मुदत 20 वर्षे धरली तर हप्ता सुमारे 26,000 रुपये. वर्षाचे 3 लाख 12 हजार. एकरी 45 टन ऊस आणि टनाला 3,000 रुपये धरले तर एकराचे बिल 1 लाख 35 हजार, तेही बी-खताचा खर्च वजा न करता. दोन एकरांचे अख्खे बिल हप्त्याला पुरत नाही. शिवाय हप्ता दर महिन्याला, आणि आडसाली ऊस तुटायला 16 ते 18 महिने. म्हणून हप्ता शहरातल्या पगारातून निघत असेल तरच कर्ज काढा. उसाचे बिल सुरुवातीच्या रकमेला वापरा, हप्त्याला जुंपू नका.

दुरुस्तीचा क्रम

घर नवे असो की जुने, खर्चाचा क्रम वरून खाली ठेवा.

1. गच्ची : भोकांकडे उतार साधारण 100 फुटाला 1 फूट हवा. वॉटरप्रूफिंग झाल्यावर गच्चीत 24 ते 48 तास पाणी तुंबवून खालून पहा. मगच बिल द्या.
2. बाथरूम, संडास : नहाणीचा ट्रॅप आणि फरशीचे सांधे आधी. वरच्या घरातून गळत असेल तर भांडणाआधी सोसायटीला लेखी कळवा.
3. स्लॅब : पोपडे निघून सळई उघडी पडली असेल तर वरून नुसते प्लॅस्टर मारू नका. इंजिनिअरला दाखवा. हॉल मोठा करायला कॉलम, बीमला हात लावू नका.
4. वायरिंग : जुन्या तारांवर गिझर, एसी चढवू नये. अर्थिंग तपासा, ईएलसीबी बसवा.
5. पाऊसपाणी : 1 चौरस मीटर छतावर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर पाणी. 100 चौरस मीटर गच्चीवर 700 मिलिमीटर पावसाचे 70,000 लिटर होतात. बोअर असेल तर ते पाणी गाळून जमिनीत मुरवा.
6. रंग, पीओपी, फर्निचर : सर्वांत शेवटी, आणि एक पावसाळा पाहून.

आणखी एक. स्वतः राहत असाल तर महापालिकेच्या मिळकतकरात 40 टक्के सवलत मिळते. आपल्या बिलात ती लागली आहे का पहा. नसेल तर पीटी-3 अर्ज भरावा लागतो.

असो. त्या सभासदांना मी हेच सांगितले. वीस गुंठे विका अथवा विकू नका, असे म्हणालो नाही, तो त्यांच्या घरचा निर्णय. फक्त इतके म्हणालो, की ओढ्याकडचे ते रान आपण चर काढून सुधारले, आज तिथे ऊस उभा आहे. ते एकदा गेले की परत येत नाही. मुलाला आधी वर्षभर कात्रजमध्ये भाड्याने राहू द्या. एक पावसाळा त्याला तिथे काढू द्या. मग तोच सांगेल कुठली इमारत गळते आणि कुठल्या गल्लीत पाणी तुंबते.

ते थोडा वेळ गप्प बसले. मग टोपी नीट करत म्हणाले, "म्हंजे आधी माती परीक्षण, मग लागण." मी म्हटले, "अगदी तेच." वीस गुंठ्यांची नोंद त्यांनी यंदाही केली आहे.

"घर पहावे बांधून" असे आपली जुनी माणसे म्हणत. बांधण्याआधी आणि घेण्याआधीही ते पहावे, इतकीच विनंती.

जय सहकार!