वाफ नव्हे, करपलेली फोडणी!
मुलाच्या दप्तरात चार्ज होणारं 'पेन' सापडलं, तर नीट बघा हं! ई-सिगारेटमध्ये बॅटरीवर कॉईल तापते नि निकोटिनच्या द्रवाची वाफ होते. दाट धुरासाठी पोरं व्होल्टेज वाढवतात, नाहीतर कमी ओहमची कॉईल लावतात. 4 व्होल्टला 2 ओहमची कॉईल 8 वॅट घेते, 1 ओहमची चक्क 16! मग द्रव करपतो. पोर्टलंड स्टेट या अमेरिकन विद्यापीठातल्या संशोधकांना 3.3 व्होल्टला न सापडलेली, फॉर्माल्डिहाइड देणारी रसायनं 5 व्होल्टला सापडली, हे 2015 सालचं. आपल्याकडे 2019 पासून विक्रीला बंदी. म्हणून सेटिंग शिकवतो तो कट्ट्यावरचा मित्र. वस्तीतल्या बायका विचारतात, "ताई, वाफच ना?" वाफ कसली! फोडणी करपली की घरभर खोकतो, तसंच ते. मुलाला सोडायचं असेल, तर 1800-112-356 ही सरकारी क्विटलाइन मोफत आहे.