शेजाराची भट्टी

मातीच्या भांड्याला चकाकी आणायची तर त्याला ग्लेझ द्यावं लागतं. खनिजांची बारीक पूड पाण्यात कालवायची, भांडं त्यात बुडवायचं, आणि भट्टीत तो थर वितळून काचेसारखा बसतो. सोड्याच्या भट्टीत मात्र भांडी बाहेरून उघडीच जातात. भट्टी साडेबाराशे अंश सेल्सिअसच्या आसपास पोचली की ज्वाळेत सोड्याचं पाणी फवारायचं. त्याची क्षणात वाफ होते. ती ज्वाळेच्या अंगानं भांड्यांमधून वाट काढत धुराड्याकडे निघते, आणि जाता जाता तिच्यातलं सोडियम मातीतल्या सिलिकाशी आणि अ‍ॅल्युमिनाशी जुळून भांड्याच्या अंगावरच काच धरतं. ज्वाळ थेट आदळते तिथे काच जाड बसते, वळसा घालून जाते तिथे पातळ. जिथे ती पोचतच नाही तिथे माती कोरडी राहते, फार तर तिच्यावर केशरी झाक येते.

विजेच्या भट्टीत शेजारच्या भांड्याशी तुमच्या भांड्याला काही देणंघेणं नसतं. इथे असतं. मित्राची उंच बरणी माझ्या पेल्यापुढे उभी राहिली तर तिच्या आडोशाचा ठसा माझ्या पेल्यावर कायमचा उमटतो. मी ती बरणी बोटभर सरकवली तर पेलाही वेगळा निघतो. ही भट्टी एकट्यानं लावणारे कुंभार आहेत आणि त्यांचं काम उत्तमही असतं; पण मला तिच्यात जे सर्वांत मोलाचं वाटतं, ते चारचौघांनी मिळून लावल्यावरच हाती लागतं.

आमची भट्टी पुण्याच्या पश्चिमेला, मुळशीकडच्या एका मित्राच्या शेतावर आहे. जागा त्याची, विटा सगळ्यांनी वर्गणी काढून आणलेल्या. माणूस ओणवा होऊन शिरेल एवढी आत पोकळी, वर विटांची कमान, मागे धुराडं. दोन्ही बाजूंना खाली गॅसचे बर्नर. बर्नरसमोर आतल्या अंगाला एक बुटकी भिंत असते, तिला बॅगवॉल म्हणतात. ज्वाळ तिच्यावर आपटून वर चढते, कमानीला लागून खाली वळते, भांड्यांमधून उतरते आणि तळाच्या भोकातून धुराड्यात शिरते. धुराड्याच्या तोंडाशी एक सरकती लादी आहे, डँपर. ती दोन बोटं आत-बाहेर केली की सगळ्या भट्टीचा श्वास बदलतो.

सोडा भांड्यांना धरतो तसा भट्टीलाही धरतो. हलक्या, सच्छिद्र इन्सुलेशनच्या विटा तो हळूहळू खाऊन टाकतो, म्हणून आतला थर जड फायरब्रिकचा लागतो. नव्या भट्टीत सुरुवातीला विटाच सोडा पिऊन घेतात आणि भांडी रुक्ष निघतात. पुढे विटांवर काच साचत जाते, आणि मग प्रत्येक फायरिंगच्या वेळी भट्टी आपल्याजवळचं थोडं सोडियम परत सोडू लागते. जुन्या भट्टीला सोडा कमी लागतो तो यामुळेच. आमच्यातली एक मैत्रीण नोकरीपायी बंगळुरूला गेली. तिनं फवारलेला सोडा आमच्या कमानीवर अजून आहे, आणि त्यातला काही अंश आजच्या कपांवर उतरतो.

या तंत्राचं मूळ मिठात आहे. जर्मनीत ऱ्हाइन नदीच्या खोऱ्यातले कुंभार पंधराव्या-सोळाव्या शतकात तापलेल्या भट्टीत साधं मीठ टाकून स्टोनवेअरला, म्हणजे चढ्या तापमानाला घट्ट भाजलेल्या भांड्यांना, ग्लेझ देत. झीगबुर्ग, आज बेल्जियममध्ये असलेलं रेरेन, कोलोनजवळचं फ्रेशेन, पुढे वेस्टरवाल्डची निळी-करडी भांडी, असा तो मोठा व्यापार होता. गळ्यावर दाढीवाल्या माणसाचा चेहरा असलेले त्यांचे ‘बार्टमान’ नावाचे सुरईवजा चंबू डच जहाजांतून जगभर गेले. १६२९ साली ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्याजवळ बुडालेल्या ‘बाटाव्हिया’ जहाजाच्या अवशेषांतही ते सापडले. इंग्लंडमध्ये जॉन ड्वाइटनं १६७२ साली फुलहॅममध्ये स्टोनवेअरचं पेटंट मिळवलं. मिठाचं ग्लेझ पाणी झिरपू देत नाही, आम्लाला दाद देत नाही आणि त्यासाठी भट्टीत जाण्याआधी भांड्याला हातही लावावा लागत नाही. हे गुण एकोणिसाव्या शतकात एका फार मोठ्या कामी आले. लंडनमध्ये सांडपाण्याची नीट सोय करण्याची मोहीम सुरू झाली आणि हेन्री डोल्टननं १८४६ साली लॅम्बेथला स्टोनवेअरच्या नळांचा कारखाना काढला. आपल्याकडच्या जुन्या वस्त्यांखालचे तपकिरी, चकचकीत ड्रेनेज पाइप याच घराण्यातले. भारतीय मानक ६५१ त्यांच्यासाठीच आहे. आज कलादालनात काचेआड ठेवलेली सोड्याची बरणी आणि रस्ता खणताना वर येणारा तो नळ एकाच रसायनाची लेकरं आहेत, आणि मला त्या नळाबद्दलही तेवढाच आदर आहे. पटकीच्या साथी आटोक्यात आणण्यात त्याचा वाटा होता.

मिठात एक अडचण होती. मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड. सोडियम मातीला लागतं, उरलेलं क्लोरीन पाण्याच्या वाफेशी मिळून हायड्रोक्लोरिक आम्लाचं पांढरं धुकं होऊन धुराड्यातून बाहेर पडतं. ब्रिटनमध्ये १९५६ चा स्वच्छ हवा कायदा आल्यावर शहरात असल्या भट्ट्या चालवणं अवघड झालं. १९७०च्या दशकात अमेरिकेत, विशेषतः न्यूयॉर्क राज्यातल्या आल्फ्रेड इथल्या विद्यापीठात, मिठाऐवजी धुण्याचा सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेट, आणि खाण्याचा सोडा वापरण्याचे प्रयोग झाले. यातून आम्लाचं धुकं निघत नाही. पुढे इंग्लंडमध्ये रुथॅन टडबॉल आणि ऑस्ट्रेलियात गेल निकोल्स यांनी या पद्धतीला तिचं स्वतःचं रूप दिलं. मीठ भट्टीभर आपोआप पसरतं. सोडा आळशी आहे, ज्वाळ नेईल तिथेच जातो. आधी ही त्याची उणीव मानली गेली. या लोकांनी तीच त्याची खासियत ठरवली.

आपल्याकडचा धुण्याचा सोडा बहुतेक सौराष्ट्रातून येतो. मिठापूरला टाटा केमिकल्स १९३९ पासून आहे. तिथेही सुरुवात मिठापासूनच होते: समुद्राचं मीठ आणि चुनखडी यांच्यापासून सॉल्व्हे पद्धतीनं सोडा बनतो आणि क्लोरीन कॅल्शियम क्लोराइडच्या रूपात मागे राहतं. जे क्लोरीन जुन्या कुंभाराच्या धुराड्यातून गावावर पसरायचं, ते आता कारखान्यातच वेगळं होतं. आम्ही सोडा विकत घेतो तेव्हा ते ओझंही दुसरीकडे ढकलतो, हे विसरून चालणार नाही.

भट्टी भरण्याचा दिवस मला पेटवण्याच्या दिवसापेक्षा जास्त आवडतो. भांडी आधी हजार अंशाच्या आतबाहेर एकदा भाजून, म्हणजे बिस्क करून, आणलेली असतात. आतून मात्र ती ग्लेझ केलेली असतात, कारण अरुंद तोंडाच्या भांड्याच्या पोटात सोड्याची वाफ नीट शिरत नाही. प्रत्येक भांड्याच्या बुडाला बोराएवढ्या तीन-चार गोळ्या फेविकॉलनं चिकटवायच्या. चिनी माती आणि अ‍ॅल्युमिना हायड्रेट निम्मे निम्मे मळून त्या करतात. त्यांना वॅड म्हणतात. अ‍ॅल्युमिना सोड्याला सहजी जुमानत नाही, म्हणून भांडं शेल्फला चिकटत नाही. झाकण आणि बरणी यांच्यामध्येही वॅड, दोन शेल्फांमधल्या टेकूंखालीही वॅड. दुपारभर सगळ्यांची बोटं पांढरी असतात.

मग खरी बोलणी सुरू होतात. बॅगवॉलजवळची जागा सगळ्यांना हवी असते, कारण तिथे सोडा धो धो येतो. मागच्या खालच्या कोपऱ्यात तो पोचता पोचत नाही. ‘ताई, तुमचा रांजण जरा डावीकडे घेऊ का? माझ्या वाट्यांना वाटच मिळत नाहीये.’ ‘घे की. पण मग तुझी ती किटली त्याच्यापुढे नको ठेवूस, त्याच्या पोटावर तोंडाचा डाग येईल.’ ‘येऊ दे ना! छान दिसेल.’ त्यावर ताई भट्टीत डोकं घालून दोन मिनिटं नुसत्या बघत राहतात. ज्वाळ कुठून येईल, कुठे अडेल, कुठून निसटेल. मग म्हणतात, ‘ठेव.’ भांडी दाटीवाटीनं ठेवली तर वाफ कोंडते, फार विरळ ठेवली तर ती कुठेच न टेकता सरळ निघून जाते. आपल्या भांड्यासाठी जागा मागताना दुसऱ्याच्या भांड्याकडे इतकं बारकाईनं पाहावं लागतं, असं दुसरं काम मला माहीत नाही. माझ्या वाट्यांचा घाट बदलला तो बाकीच्यांच्या बरण्यांमुळे. त्यांच्या आडोशात काय चांगलं दिसेल याचा विचार मी आता चाकावर बसल्यापासूनच करते.

भरून झालं की दारात विटा रचायच्या. दोन विटा सुट्या ठेवायच्या, आत डोकावायला. नारळ फुटतो, बर्नरला हळद-कुंकू लागतं, आणि पहाटे भट्टी पेटते. नऊशे-हजार अंशांच्या सुमाराला हवा कमी करून रिडक्शन द्यायचं, म्हणजे ज्वाळ ऑक्सिजनसाठी भुकेली होते आणि तो मातीतल्या लोहातून ओढून घेते. तोवर गॅस भराभर ओढला गेल्यानं सिलिंडरांवर बर्फाचा थर चढतो आणि दाब पडू लागतो. मग ते पाण्यानं भरलेल्या पिंपात उभे करायचे आणि त्यावर अधूनमधून कोमट पाणी ओतत राहायचं. हे काम बहुतेक मुलांकडे असतं. दहा पावलांवर हजार अंशांची भट्टी आणि इथे बर्फ, याचं त्यांना फार नवल वाटतं, आणि खरं सांगायचं तर आम्हालाही.

गावातले एक वयस्क कुंभारकाका कधी कधी दुपारी येऊन बसतात. त्यांनी आयुष्यभर आवा लावला, लाकूड आणि भुशावर, आमच्यापेक्षा कितीतरी कमी तापमानाला. कोन, पायरोमीटर या उष्णता मोजायच्या साधनांची त्यांना गरज वाटत नाही. धुराड्याचा आवाज ऐकून ते सांगतात, ‘जाळ लई पळतोय. त्याला जरा आत खेळू द्या.’ आम्ही डँपर थोडा आत सारतो. ते बरोबर असतात.

कोन म्हणजे ठरावीक उष्णतेला वाकणारे छोटे मनोरे. नववा कोन वाकू लागला की सोडा द्यायची वेळ झाली. मास्क, वेल्डिंगचा काळा चष्मा, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट. सोड्याचं गरम द्रावण कातडीला लागलं तर पोळतं. दोन-अडीच किलो सोडा गरम पाण्यात विरघळवलेला. शेतात औषध मारायचा फवारणी पंप, त्याला लांब लोखंडी नळी. बर्नरच्या वरच्या भोकातून नळी आत जाते आणि भट्टी गर्जते. डोकावायच्या भोकातून बाहेर आलेली जीभ एकदम गडद पिवळी होते, रस्त्यावरच्या जुन्या सोडियम दिव्यांसारखी. मूलद्रव्य तेच, म्हणून रंगही तोच. एक जण फवारतो, दुसरा डँपर सांभाळतो, तिसरा घड्याळ बघतो. दहा मिनिटं थांबून पुन्हा. फवारणाऱ्याचा हात भरून येतो आणि तो न सांगता मागे होतो, पुढचा नळी हातात घेतो.

किती सोडा बसला हे कोनावरून कळत नाही, कारण सोडा लागल्यावर कोनही वेळेआधी वितळतो. त्यासाठी मातीच्या कड्या असतात, भोकाजवळ रांगेत उभ्या केलेल्या. सळईनं एक कडी बाहेर काढायची. ती पिवळीधमक असते. बघता बघता नारिंगी होते, लाल होते. बादलीत टाकली की चर्रर्र करून वाफ उडते. मग ती बॅटरीच्या उजेडात हातोहात फिरते. पहिल्या कडीवर नुसता ओलसर तुकतुकीतपणा असतो. तिसरीवर संत्र्याच्या सालीसारखे बारीक खळगे दिसू लागतात. नखानं घासायचं, कडेनं पाहायचं, जिथे सळई टेकली होती ती जागा ताडून बघायची. रंगावर विश्वास ठेवायचा नाही. झटकन थंड झालेल्या कडीवर केशरी झाक उमटत नाही, ती भांड्यांवर निवताना येते. ‘अजून एक हात?’ ‘पुढच्या बाजूला पुरे. मागून द्या थोडा.’ इथे मतभेद होतात, आणि व्हावेत. कुणाला दाट, टपटपणारी काच हवी असते, कुणाला मातीचा पोत झाकला जायला नको असतो. भट्टी मात्र सगळ्यांची एकच असते. शेवटी जो निर्णय होतो तो कुणा एकाच्या मनासारखा नसतो, आणि माझ्या अनुभवात भट्टी त्यामुळे जास्त चांगली निघाली आहे. पिठलं-भाकरी तोवर गार झालेली असते.

भट्टी निवायला दोन दिवस जाऊ द्यावे लागतात. दारातल्या विटा काढताना त्यांना चिकटलेली काच कडकड तुटते. हातमोजे हवेतच, तिची धार ब्लेडसारखी असते. गेल्या वेळी ताईंच्या रांजणाच्या पोटावर किटलीच्या तोंडाचा फिकट, चंद्रकोरीसारखा डाग आला, भोवती गर्द नारिंगी. माझ्या वाट्या बाहेरच्या बाजूनं हिरवट काचेनं झळाळत होत्या आणि रांजणाकडच्या बाजूनं मऊ, कोरड्या, बदामी. कुठली वाटी कुठे उभी होती हे ती आणि रांजण शेजारी ठेवले की अजून सांगता येतं. प्रदर्शनात ही भांडी वेगवेगळ्या नावांखाली, वेगवेगळ्या टेबलांवर जातात. मला ते पटत नाही. निदान भट्टी भरणाऱ्या आणि फवारणाऱ्या सगळ्यांची नावं पाटीवर हवीत, असा आग्रह मी धरते. काही दालनं मान्य करतात.

मग वॅड ठोकून काढायचे, बुडं घासायची, शेल्फ खरवडून त्यांना अ‍ॅल्युमिना आणि चिनी मातीचा नवा हात द्यायचा. मागच्या खालच्या कोपऱ्यात या वेळी ज्याची भांडी गेली, त्याला पुढच्या वेळी पहिली जागा निवडायला मिळते. त्यानं सांगून ठेवलंय, बॅगवॉलजवळ त्याला ताईंच्या रांजणाच्या शेजारचीच जागा हवी आहे.