४१७ दिवस उशिरा आलेला प्रकाश

सप्तर्षीच्या दिशेला असलेल्या एका अंधुक ठिपक्याचं तेज १९९६मध्ये अचानक उतरणार, हे काही खगोलशास्त्रज्ञांनी १९९५मध्येच जाहीर केलं होतं. प्रश्न होता फक्त तारखेचा. एका हिशेबानं फेब्रुवारी, दुसऱ्या हिशेबानं जून. तीच घट त्यांनी आधी पाहिली होती, डिसेंबर १९९४मध्ये, शेजारच्या ठिपक्यात.

हे दोन ठिपके ओळखले ते डेनिस वॉल्श, बॉब कार्सवेल आणि रे वेमन यांनी, १९७९मध्ये. दोघांमधलं अंतर चंद्रबिंबाच्या रुंदीच्या जेमतेम तीनशेव्या भागाएवढं. वर्णपट घेतले तर विलक्षण सारखे, ताम्रसृती, म्हणजे प्रकाश लाल टोकाकडे सरकण्याचं प्रमाण, तीही एकच, १.४१. एकाच क्वासारच्या त्या दोन प्रतिमा होत्या! दूरच्या दीर्घिकेच्या केंद्रातल्या महाकाय कृष्णविवराकडे वायू ओढला जातो, चकतीत गरगरत तापतो आणि अख्ख्या दीर्घिकेला झाकोळेल इतका उजळतो, तो क्वासार. त्याच्या आणि आपल्या मध्ये आणखी एक दीर्घिका आहे. तिच्या गुरुत्वाकर्षणामुळे प्रकाश भिंगातून जावा तसा वाकतो आणि दोन वाटांनी आपल्याकडे येतो.

वाटांची लांबी वेगळी. शिवाय दीर्घिकेच्या जास्त जवळून येणाऱ्या प्रकाशाला गुरुत्वाकर्षणामुळेही उशीर होतो. फेब्रुवारी १९९६मध्ये दुसरा ठिपका खरोखरच मंदावला. टोमिस्लाव कुंदिच आणि सहकाऱ्यांनी काढलेला फरक होता ४१७ दिवस, फार तर तीन दिवस इकडेतिकडे. सुमारे ९०० कोटी वर्षांच्या प्रवासातली तफावत, आणि ती दिवसांत मोजलेली! अशा फरकावरून विश्वाच्या प्रसरणाचा वेग काढता येईल, हे नॉर्वेच्या शूर रेफ्सडाल यांनी १९६४मध्येच दाखवलं होतं. तेव्हा असं एकही भिंग सापडलेलं नव्हतं.

मला त्याहून भुलवतं ते पुढचं. दोन्ही प्रतिमांच्या तेजाचे आलेख ४१७ दिवसांनी सरकवून एकमेकांवर ठेवले, की क्वासारचे स्वतःचे चढउतार वजा होतात. तरी थोडा फरक उरू शकतो. तो घडवतात मधल्या दीर्घिकेतले सुटे तारे. प्रकाशाच्या वाटेवर आलेला प्रत्येक तारा स्वतःच एक बारीक भिंग होतो, आणि क्वासारची चकती जितकी लहान तितका त्याचा परिणाम तीव्र. म्हणजे त्या उरलेल्या फरकावरून चकतीचं मोजमाप काढता येतं, जी थेट पाहू गेलं तर दुर्बिणीत नुसता ठिपकाच राहते. अशा अनेक क्वासारांच्या चकत्या मोजून झाल्या आहेत. त्या प्रचलित सिद्धांताच्या अंदाजापेक्षा बऱ्याच मोठ्या निघाल्या, आणि असं का, यावर अजून एकमत झालेलं नाही.