जोडणी नाकारली

मोडी कागदपत्रांच्या माझ्या बारा वर्षांच्या नोंदी घरातल्याच एका जुन्या संगणकावर, पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये आहेत. गेल्या पावसाळ्यात एका सकाळी लॅपटॉपवरून त्या उघडायला गेलो, तर पडद्यावर एकच ओळ : जोडणी नाकारली. संगणकाचे शिक्षण मी कुठे घेतलेले नाही. जे येते ते चुकतमाकत आलेले. पोटात गोळा आला. ओळखीचा एक तंत्रज्ञ फोनवर म्हणाला, ‘काका, सगळं पुसा आणि नव्यानं टाका.’ ते ऐकले असते तर हा लेख लिहिण्याच्या मनःस्थितीत मी नसतो.

आधी त्या ओळीचा अर्थ पाहू. आपला संगणक समोरच्या संगणकाच्या एका ठरावीक पोर्टवर विनंती धाडतो. पोस्टग्रेससाठी तो बहुधा ५४३२, मायएसक्यूएलसाठी ३३०६. पोर्ट म्हणजे एकाच वाड्याचे क्रमांक घातलेले दार समजा. त्या दाराशी कोणी बसलेले नसेल, तर वाडाच लगेच ‘इथे कोणी नाही’ असे कळवतो. टीसीपीच्या १९८१च्या नियमपत्रातच ही रीत घालून दिलेली आहे. वाटेत फायरवॉलने विनंती गिळली, तर बहुधा उत्तरच येत नाही, आपण ताटकळत राहतो. पासवर्ड चुकला, तर डेटाबेस स्वतः बोलतो आणि तसे सांगतो. तेव्हा तत्काळ नकार आला, तर प्रकरण नोंदींपर्यंत पोचलेलेच नसते.

मग मुख्य शंका दोन उरतात. डेटाबेस बंद आहे, किंवा चालू आहे पण फक्त स्वतःच्या यंत्राचे ऐकतो. पोस्टग्रेस मुळात तसाच येतो. बाहेरच्यांचे ऐकायला त्याला सेटिंगमध्ये सांगावे लागते. माझे आदल्या रात्रीपर्यंत नीट चालले होते. त्या जुन्या संगणकासमोरच जाऊन बसलो. तिथूनही नकार. म्हणजे बंद. सुरू केला, पुन्हा पडला. लॉग उघडला, शेवटच्या ओळीत कारण होते : डिस्कवर जागा नाही. दोष माझाच, स्कॅन केलेली पाने मीच तिथे ओतत होतो.

जागा करताना खरा धोका होता. माझ्या जुन्या आवृत्तीत ‘पीजी एक्सलॉग’ नावाचे जाडजूड फोल्डर होते. नावात लॉग पाहून अनेकांनी ते रद्दी समजून रिकामे केले आहे. पण मूळ फायलींत अजून न उतरलेले बदल त्यातच असतात. म्हणून २०१७च्या दहाव्या आवृत्तीत त्याचे नाव बदलून ‘पीजी वॉल’ केले. मी त्याला हात लावला नाही. स्कॅन तेवढे बाहेरच्या डिस्कवर हलवले आणि डेटाबेस सुरू केला.

मिनिटभर तो स्वतःची सावरासावर करत होता. मग पहिली नोंद उघडली. संध्याकाळी सगळ्या नोंदींची एक प्रत काढून मुलीच्या संगणकावर ठेवली.