आपली बोलायची वेळ

मैत्रिणींनो, बचत गटाच्या बैठकीत आपण विचारतो, "यंदा कर्ज कोणाला हवंय?" दोघी-तिघी लगेच बोलतात. बाकीच्या गप्प, म्हणून त्यांना नकोच, असं आपण धरून चालतो.

2009 साली जगातल्या दहा भाषांचा अभ्यास झाला. प्रश्न संपल्यावर उत्तर यायला सरासरी सेकंदाचा पाचवा भागच जातो, असं दिसलं. म्हणजे समोरची बोलत असतानाच उत्तराची जुळवाजुळव सुरू होते. जिला थोडा विचार करावा लागतो, तिची वेळ तेवढ्यात निघून जाते.

आमच्या एका गटात मुलीच्या बाळंतपणासाठी पैसे लागणारी ताई अशीच गप्प राहिली आणि सावकाराकडे गेली. आता आम्ही प्रश्न विचारला की मनात दहापर्यंत मोजतो, मग प्रत्येकीला नावाने विचारतो. ग्रामसभेआधीच्या महिला सभेतही हे करून बघा.